कुलूप न पाहता केलेली किल्ली

१९८२ सालची गोष्ट. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. बिअर आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली ही त्याची जगाला असलेली ओळख. तिथल्या ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर या छोट्या केंद्रात एक कुटुंब आलं. काय अडचण आहे, एवढं विचारायचा अवकाश, घरातला एकेक जण बोलायला लागला. खोलीच्या भिंतीत एकतर्फी आरसा होता आणि त्याच्या पलीकडे सहकाऱ्यांचा गट बसून सगळं ऐकत होता. (चोरून नव्हे, कुटुंबाला सांगून. तिथली रीतच तशी होती.) तक्रारींचा आकडा २७ वर गेला. आणि सगळ्या इतक्या मोघम, की एकही धड हातात येईना.

तास संपत आला की थेरपिस्टनं उठून आरशामागे जायचं, सहकाऱ्यांशी मसलत करायची आणि परत येऊन कुटुंबाला काहीतरी गृहपाठ द्यायचा, असा त्या केंद्राचा शिरस्ता. त्या दिवशी गृहपाठच सुचेना. २७ पैकी हात घालायचा कशाला? शेवटी त्यांनी कुठल्याच तक्रारीला हात न लावणारं एक काम दिलं. पुढच्या भेटीपर्यंत घरात जे काही घडेल, त्यातलं काय काय यापुढेही घडत राहावं असं तुम्हाला वाटतं, ते नीट बघून ठेवा आणि आम्हाला येऊन सांगा.

कुटुंब परत आलं ते सांगतच, की आता बरंच बरं चाललंय. आणि या वेळी बोलण्यात मोघमपणा नव्हता. कुणी काय केलं, कधी केलं, ते कसं चांगलं वाटलं, अशा नेमक्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. आरशामागची मंडळी चक्रावली. २७ तक्रारींतल्या एकीचंही निदान झालेलं नव्हतं. कुणाचं बालपण उकरून काढलं नव्हतं, कुणाची चूक दाखवली नव्हती. मग बरं झालं ते कशानं?

दुसरं एखादं केंद्र असतं तर 'योगायोग' म्हणून फाइल बंद झाली असती. इथे मात्र त्यांनी तोच गृहपाठ पुढच्या अनेक कुटुंबांना मुद्दाम देऊन पाहिला. तक्रार काय आहे याची पर्वा न करता, पहिल्या भेटीच्या शेवटी सगळ्यांना तेच काम. बहुतेक जण दुसऱ्या भेटीला सांगण्यासारखं काहीतरी घेऊन येत. १९८४ साली या गटातल्या स्टीव्ह डी शेझर आणि ॲलेक्स मोलनार यांनी हा अनुभव शोधनिबंधात मांडला. पुढच्या वर्षी डी शेझरच्या 'कीज टू सोल्यूशन इन ब्रीफ थेरपी' या पुस्तकात त्यावरून एक धाडसी विधान आलं. लोकांच्या तक्रारी कुलपांसारख्या असतात. एकेका कुलपाची रचना तपासून त्याची स्वतंत्र किल्ली घडवायची, हा मानसोपचाराचा रूढ मार्ग. पण अनेक कुलपांना चालणारी किल्लीही असू शकते, आणि ती करायला कुलूप आधी पाहावं लागतंच असं नाही.

हे विधान पचायला जड आहे. दुखणं कळल्याशिवाय औषध नाही, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं असतं. हाड मोडलं असेल, रक्तात साखर वाढली असेल, तर ते खरंही आहे. पण 'नवरा-बायकोचं पटत नाही', 'मुलगा ऐकत नाही', 'कशातच मन लागत नाही' या गोष्टींनाही तोच नियम लागू आहे, हे आपण न तपासता धरून चाललेलो असतो. मिलवॉकीच्या लोकांनी तो तपासला, एवढाच त्यांचा अपराध.

या लोकांत मध्यभागी होतं एक जोडपं. स्टीव्ह डी शेझर मिलवॉकीतच १९४० साली जन्मलेला, संगीताचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला, जॅझ सॅक्सोफोन वाजवणारा, मितभाषी माणूस. इन्सू किम बर्ग कोरियात वाढलेली. १९५७ साली औषधनिर्माणशास्त्र शिकायला अमेरिकेत आली आणि वळली समाजकार्याकडे. तिच्या मुलाखतींच्या चित्रफिती आजही प्रशिक्षणात दाखवतात. लहान चणीची, हसतमुख बाई, क्लायंटनं साधीशी काही गोष्ट केल्याचं सांगितलं की डोळे मोठे करून 'वॉव!' म्हणणारी. हे 'वॉव' खोटं वाटत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: हे तुम्हाला जमलं कसं? दोघं १९७८ साली आणखी काही सहकाऱ्यांसह हे केंद्र काढून बसले. त्यांच्या पद्धतीला पुढे नाव पडलं सोल्यूशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी, म्हणजे अडचणीपेक्षा उपायावर नजर ठेवणारं थोडक्या भेटींचं समुपदेशन.

दोघांचाही कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटशी घनिष्ठ संबंध होता. तिथले जॉन वीकलँड, पॉल वॉत्झलाविक, रिचर्ड फिश यांचं म्हणणं असं, की माणूस अडचणीवर जो उपाय करत राहतो, तोच पुष्कळदा अडचण टिकवून धरतो. मुलगा बोलत नाही म्हणून आई टोचून विचारते. ती टोचते म्हणून तो आणखी गप्प होतो. तेव्हा आधी तो फसलेला उपाय शोधा आणि थांबवा. मिलवॉकीकरांनी हीच गोष्ट उलटी धरली. लोक काय करतात जे फसतं, हे पालो आल्टोत शोधत होते. लोक काय करतात जे आधीच थोडंफार जमतंय, ते मिलवॉकीत शोधू लागले.

आणि इथून पुढे जी साधनं तयार झाली, त्यांतली बरीचशी थेरपिस्टच्या डोक्यातून निघालीच नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. ती क्लायंटच्या तोंडून निघाली. आरशामागच्या मंडळींनी फक्त ती खाली पडू दिली नाहीत.

आकड्यांच्या प्रश्नाचंच बघा. डी शेझरकडे दुसऱ्या भेटीला आलेल्या एका क्लायंटला त्यानं कसं चाललंय म्हणून विचारलं, तर तो आपणहून म्हणाला, मी जवळजवळ दहापर्यंत पोचलोय! दहा कशातले, कुणी ठरवले, काही नाही. पण डी शेझरनं तो धागा पकडला आणि दोघं आकड्यांतच बोलू लागले. पुढे त्याचा रीतसर प्रश्न झाला. शून्य म्हणजे सगळं सगळ्यात वाईट होतं तेव्हा, आणि दहा म्हणजे तुम्हाला हवं तसं. आज तुम्ही कितीवर?

वरवर पाहता हा सर्वेक्षणातला प्रश्न वाटतो. ग्राहक सेवेचे लोक फोन करून असंच काहीतरी विचारतात. फरक आहे तो पुढच्या प्रश्नात. समजा, कॉलेजात जाणाऱ्या मुलाशी बोलणंच तुटलंय म्हणून एक वडील आले आहेत. प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी संभाषणं साधारण याच वळणानं जातात.

"तीन," वडील म्हणतात.

"तीन. बरं. तीन कसे? शून्य का नाही?"

"शून्य... नाही, अगदी शून्य नाही म्हणता येणार, मॅडम. रविवारी जेवायला तरी एकत्र बसतो."

"आणखी?"

"मॅच असली की बोलतो. आणि हां, गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलचं काहीतरी अडलं होतं, ते त्यानं करून दिलं. न चिडता."

"न चिडता?"

"म्हणजे... मीही नाही चिडलो त्या दिवशी."

"अच्छा! ते कसं जमवलंत?"

"काही नाही हो. ऑफिसातून आल्या आल्या अभ्यासाचं विचारलं नाही. आधी चहा घेतला."

थांबून पाहिलं तर या सहा-सात वाक्यांत केवढी उलथापालथ झालीये. 'बोलणं तुटलंय' म्हणत आलेल्या माणसानं तीन अपवाद सांगितले. तिसऱ्या अपवादात मुलाचं वागणं होतं ते हळूच त्याच्या स्वतःच्या वागण्यावर आलं. आणि शेवटी एक करता येण्याजोगी गोष्ट हाती लागली, जी त्यानं एकदा केलेली आहे, म्हणजे ती त्याला येते. कुठल्याही समुपदेशकानं 'आल्या आल्या अभ्यासाचं विचारू नका' असा सल्ला दिला असता तर त्यानं मान डोलावली असती आणि घरी जाऊन विचारलंच असतं.

खरी किमया 'शून्य का नाही' या प्रश्नात आहे. आपल्या सवयीचा प्रश्न उलट असतो: तीनच का? परीक्षेत सत्तर मिळाले तर बाकीचे तीस कुठे गेले, हे विचारत आपण वाढलेले. 'तीनच का' विचारलं तर माणूस सात कमी का पडले याची कारणं देईल, आणि कारणं त्याच्याकडे मुबलक असतात. 'शून्य का नाही' विचारलं तर त्याला तिनाचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून नवख्या थेरपिस्टला तालमीत हेच बजावतात, की आकडा कितीही लहान आला तरी आधी त्याच्या खाली काय आहे ते विचारा, वरचं मागाहून. वरचं विचारायचं तेही थेट दहाचं नाही. तिनाचे चार झाले तर काय वेगळं दिसेल? वडील म्हणतील, खोलीचं दार थोडं उघडं ठेवील तो. मग सगळ्यात अवघड प्रश्न: तुमच्या मुलाला विचारलं, बाबा कितीवर आहेत, तर तो काय सांगेल? बहुतेक आई-वडील इथे जरा वेळ घेतात.

आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं. एकाचा तीन दुसऱ्याच्या पाचाहून बरा असू शकतो. आकडा तुलनेला आहे तो त्याच माणसाच्या कालच्या आणि उद्याच्या दिवसाशी. ही सोय इतकी उपयोगी ठरली, की ती समुपदेशनाच्या खोलीबाहेरही गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात अँड्र्यू टर्नेल आणि स्टीव्ह एडवर्ड्स यांनी बालसंरक्षणासाठी 'साइन्स ऑफ सेफ्टी' ही पद्धत उभी केली. तिच्यात मूल घरात किती सुरक्षित आहे हे आई-वडील, आजी, शाळा आणि सरकारी कर्मचारी अशा सगळ्यांना शून्य ते दहाच्या भाषेत विचारतात. आकडे वेगवेगळे आले की भांडण मिटत नाही, पण निदान कशावरून भांडतोय ते कळतं.

या पद्धतीतला सगळ्यात प्रसिद्ध प्रश्न चमत्काराचा. तोही क्लायंटनंच दिलेला. बर्गकडे आलेल्या एका बाईचा जीव मेटाकुटीला आला होता. नवरा पिणारा, नोकरी जायच्या बेतात, मुलं ऐकेनात, तिच्यात त्राण नाही. या भेटीतून काय झालं तर उपयोग झाला असं वाटेल, असं विचारल्यावर ती हताश होऊन म्हणाली, आता काही चमत्कार झाला तरच, पण तेवढी अपेक्षा कुठे करणार? दुसरा कुणी 'असं निराश होऊ नका' म्हणाला असता. बर्ग म्हणाली, बरं, समजा झाला चमत्कार. मग काय वेगळं असेल? आणि जिला आपल्यापुढे काहीच दिसत नव्हतं, ती बाई सकाळ कशी उजाडेल, ती मुलांशी कशी बोलेल, ते सांगायला लागली.

पुढे घासूनपुसून या प्रश्नाचं जे रूप झालं ते मुद्दाम लांबण लावणारं आहे. तुम्ही इथून घरी जाल. संध्याकाळची कामं कराल, स्वयंपाक, जेवण, थोडा टीव्ही. घर शांत होईल, झोपाल. आणि समजा, तुम्ही झोपेत असताना एक चमत्कार घडला, आणि ज्यासाठी तुम्ही इथे आलात ती अडचण सुटली. पण तुम्ही झोपेत, त्यामुळे हे तुम्हाला कळलेलंच नाही. तर सकाळी जाग आल्यावर पहिलं बारीकसं असं काय दिसेल, ज्यावरून तुम्हाला वाटेल, अरे, रात्रीत काहीतरी झालंय? हे सगळं सावकाश, मध्ये थांबत विचारायचं. घाईनं विचारला तर हा प्रश्न बालिश वाटतो, यात शंका नाही.

यात झोप कशाला? मला वाटतं सगळं कसब त्या झोपेत आहे. चमत्कार डोळ्यांदेखत झाला असता तर माणूस तो कसा झाला, शक्य आहे का, यात अडकला असता. झोपेमुळे 'कसं' हा भागच गळून पडतो. उरतात फक्त खुणा. आणि खुणा शोधायच्या म्हणजे उद्याच्या सकाळी, आपल्याच घरात, डोळे उघडून बघावं लागतं. मिल्टन एरिक्सन या संमोहनतज्ज्ञानं १९५४ सालच्या एका निबंधात, रुग्णाला तंद्रीत भविष्यात नेऊन तिथून मागे वळून पाहायला लावण्याचा प्रयोग मांडला होता. डी शेझरनं त्यापासून बरंच घेतलं. मिलवॉकीत मात्र संमोहनाची गरज उरली नाही. साध्या गप्पांत काम होऊ लागलं.

अर्थात पहिलं उत्तर क्वचितच कामाचं असतं. कुणी म्हणतं, लॉटरी लागलेली असेल. कुणी म्हणतं, सासूबाई बदललेल्या असतील. आणि फार जण म्हणतात, रडू येणार नाही, भीती वाटणार नाही, चिडचीड होणार नाही. इथे थेरपिस्टला एक बारीक पण फार मोलाचं काम करावं लागतं, ते म्हणजे 'नाही'च्या जागी 'आहे' आणायचं. रडू येणार नाही, मग त्या वेळात काय करत असाल? खिडकी उघडीन. मग? गॅलरीत उभी राहून चहा पिईन. तुम्हाला तसं पाहून घरात आधी कोण चमकेल? मुलगी. ती काय करेल? येऊन बिलगेल. मग तुम्ही? असं पावलापावलानं, दर वेळी 'आणखी काय?' विचारत. 'रडू येणार नाही' हे कुणाला करता येत नाही. खिडकी उघडता येते. आणि शेवटी येतो तो प्रश्न ज्यासाठी हा सगळा खटाटोप: यातलं एखादं बारीकसं काही अलीकडे कधी आपसूक घडलंय का?

आपसूक घडलंय का, हा प्रश्न मिलवॉकीकर पहिल्या भेटीच्या सुरुवातीलाही विचारत. मिशेल वीनर-डेव्हिस, डी शेझर आणि वॉलेस जिंजरिच यांनी १९८७ साली एक छोटा शोधनिबंध छापला. फोन करून वेळ ठरवल्यापासून आजपर्यंत काही बदललंय का, असं त्यांनी ३० कुटुंबांना विचारलं. २० कुटुंबं हो म्हणाली. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच! नंतर इतरांनी केलेल्या पाहण्यांत हे प्रमाण कमीजास्त आलं, आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर ते बरंच अवलंबून दिसतं. पण नुसती वेळ मागायला फोन उचलणं, हीच अनेकांच्या बाबतीत बदलाची सुरुवात असते, आणि कुणी विचारलं नाही तर ती कुणाला सांगितलीच जात नाही.

बाकीची साधनं भराभर सांगतो. सगळंच अंधारलेलं असेल, अपवाद सापडतच नसेल, तर ते उकरत बसायचं नाही. विचारायचं, एवढं सगळं असताना आज उठून इथवर कसे आलात? कशाच्या बळावर टिकून आहात? कौतुक करायचं, पण क्लायंटनं सांगितलेल्या गोष्टीचंच. 'तुम्ही छान आहात' छापाचं नाही. एखादा उपाय चालतोय तर तो वाढवायचा, चालत नसेल तर सोडून काहीतरी वेगळं करायचं, मग ते वेगळं काहीही असो. आणि गृहपाठ न करणाऱ्या क्लायंटला 'विरोध करतोय' म्हणायचं नाही. डी शेझरनं १९८४ साली 'द डेथ ऑफ रेझिस्टन्स' नावाचा निबंध लिहून या कल्पनेचा मृत्यूच जाहीर करून टाकला. माणूस आपल्या पद्धतीनं सहकार्य करतोय, ती पद्धत ओळखणं हे थेरपिस्टचं काम. (वर्षानुवर्षं 'पेशंट विरोध करतो' म्हणणाऱ्यांना हा निबंध कसा लागला असेल, याची कल्पना केलेली बरी.)

दोन गृहपाठ मात्र असे भराभर उरकावेसे वाटत नाहीत. भांडकुदळ जोडप्यांना डी शेझर सांगे, भांडा, पण नाणं उडवून. जिंकेल त्यानं दहा मिनिटं अखंड बोलायचं, दुसऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. मग दुसऱ्याची दहा मिनिटं. मग दहा मिनिटं दोघांनी गप्प, आणि पुन्हा भांडायचं असेल तर पुन्हा नाणं. भांडणाला वेळापत्रक लावलं की त्यातली मजाच जाते, हे ज्याला सुचलं त्यानं बरीच भांडणं जवळून पाहिली असणार.

दुसरा त्याहून चमत्कारिक. काही जण म्हणतात, चांगले दिवस येतात, पण का येतात माहीत नाही. ते आमच्या हातात नाही. अशांना सांगायचं, रोज रात्री झोपताना उद्याचा दिवस बरा जाईल की नाही, याचं भाकीत करा. उद्या रात्री खरं काय झालं ते पाहा, आणि चुकलं असेल तर का चुकलं असावं याचा विचार करा. बस, एवढंच. हातात काही नसलेल्या गोष्टीचं भाकीत करायला सांगणं म्हणजे हवामान खात्याची नोकरी देण्यासारखं. पण ज्याला उद्या बरा जाईल म्हणायचंय, तो सकाळपासून त्याच्या खुणा हुडकायला लागतो, आणि हुडकता हुडकता एखाददुसरी स्वतःच घडवतो. ज्या गोष्टी 'आपोआप होतात' म्हणून सांगितल्या होत्या, त्यांत आपलाही हात होता की काय, असा संशय त्याला पहिल्यांदा येतो.

हे सगळं नुसत्या प्रश्नांवर चालत असेल, तर प्रश्नांत आणि ऐकण्यात नेमकं काय घडतं, हे मोजता येईल का? कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलास यांनी ते मोजलं. या त्याच, ज्यांनी तरुणपणी पालो आल्टोत वॉत्झलाविक आणि डॉन जॅक्सन यांच्याबरोबर 'प्रॅग्मॅटिक्स ऑफ ह्यूमन कम्युनिकेशन' हे १९६७ सालचं गाजलेलं पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या गटानं वेगवेगळ्या पद्धतींच्या नामवंत थेरपिस्टांच्या चित्रफिती घेतल्या आणि वाक्यावाक्यानं तपासल्या. समुपदेशक 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की...' म्हणतो, तेव्हा तो क्लायंटचे किती शब्द जसेच्या तसे ठेवतो, किती बदलतो आणि किती आपल्या पदरचे घालतो? हॅरी कॉर्मन, बॅव्हेलास आणि पीटर डी याँग यांच्या २०१३ सालच्या निबंधात दिसलं, की कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या दुसऱ्या दोन पद्धतींनी काम करणाऱ्यांपेक्षा या पद्धतीचे थेरपिस्ट क्लायंटचे शब्द बरेच जास्त राखतात आणि स्वतःचा अर्थ बराच कमी घालतात.

आपण कुणाचं 'ऐकून घेतो' तेव्हा खरं तर त्याच्या बोलण्याची दुरुस्ती करत असतो. तो म्हणतो 'वैताग आलाय', आपण म्हणतो 'म्हणजे तुला डिप्रेशन आलंय'. तो म्हणतो 'घरी जावंसं वाटत नाही', आपण म्हणतो 'म्हणजे बायकोशी पटत नाही'. आपला अर्थ बरोबरही असेल. पण तोवर संभाषण त्याचं राहिलेलं नसतं. दहा, चमत्कार, हे शब्द मिलवॉकीत कुणी सुधारले असते, तर ही पद्धत झालीच नसती.

आता एवढं कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती कच्ची नाही. १९९४ साली डेव्हिड नायलंड आणि व्हिक्टर कोर्सिग्लिया यांनी इशारा दिला, की हे प्रश्न यांत्रिकपणे विचारले तर क्लायंटवर आशावादाची सक्ती होते. माणूस दुःख सांगतोय आणि थेरपिस्ट 'बरं, पण चांगलं काय झालं?' म्हणतोय, हे दृश्य क्रूर आहे. केंद्राच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी ईव्ह लिपचिक यांनीही पुढे पुस्तक लिहून सांगितलं, की तंत्राच्या पलीकडे भावनांना आणि नात्याला जागा हवी. आधी माणसाला ऐकलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. त्याआधी विचारलेला चमत्काराचा प्रश्न थट्टा होतो.

परिणामांचं काय? जिंजरिच आणि लान्स पीटरसन यांनी २०१३ साली ४३ नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेतला; त्यांतल्या ३२ अभ्यासांत लक्षणीय फायदा दिसला. त्याहून बोलका आहे हेलसिंकीचा अभ्यास. फिनलंडमध्ये नैराश्य किंवा चिंतेनं त्रस्त असलेल्या ३२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी केली: ही पद्धत, थोडक्या मुदतीची मनोविश्लेषणात्मक पद्धत, आणि तीच दीर्घ मुदतीची. शेवटच्या गटातले लोक आठवड्यातून दोन-तीनदा, सुमारे तीन वर्षं जात होते. उपायावर नजर ठेवणाऱ्या गटाला जास्तीत जास्त बारा भेटी. पहिल्या वर्षी थोडक्या भेटींचे दोन्ही गट पुढे होते. दुसऱ्या वर्षी फरक पुसला गेला. तिसऱ्या वर्षाअखेर दीर्घ उपचारांचा गट पुढे गेला. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर बारा भेटी पुष्कळ काही करतात, आणि काही माणसांना बारा पुरत नाहीत. दोन्ही खरं. आणि जिवाला धोका असेल, घरात मारहाण चालू असेल, भास होत असतील, तेव्हा आधी सुरक्षितता आणि डॉक्टर. प्रश्नांची पाळी त्यानंतर. आपल्याकडे अशा वेळी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

थोडक्या भेटी हे या पद्धतीच्या नावातच आहे, पण किती भेटी हे कुठे लिहिलेलं नाही. ते थेरपिस्टच्या हातात नाही म्हणून. किती आकड्यावर आलात म्हणजे इथे यायची गरज उरणार नाही, असं पहिल्याच भेटीत विचारलं, तर फार थोडे लोक दहा म्हणतात. बहुतेक सात म्हणतात, कुणी आठ. दहावर राहायचं सहसा कुणाला नसतं. सातावर संसार नीट चालतो, हे माणसांना चांगलं माहीत असतं. १९८९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'ब्रीफ' या केंद्राच्या परंपरेत तर प्रत्येक भेट हीच शेवटची असू शकते असं धरून चालतात, आणि उठताना क्लायंटलाच विचारतात, पुन्हा यावंसं वाटतं का, आणि कधी? कुणी पंधरा दिवसांनी म्हणतं, कुणी दोन महिन्यांनी. कुणी डायरी उघडतं, पानं चाळतं आणि म्हणतं, राहू दे, लागलं तर फोन करीन.